फाशीच्या केसमध्ये अपील म्हणजे नक्की काय होतं

२१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने ७/११ च्या लोकल बॉम्बस्फोटाच्या केसमधल्या सगळ्या १२ जणांना निर्दोष सोडलं, त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर जे सुरू झालं ते रात्री उशिरापर्यंत चालूच होतं. आमच्यातले निम्मे लोक वेस्टर्न लाईनवर वाढलेले, १८९ माणसं गेली होती त्यात, त्यामुळे राग येणारच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एक वाक्य वेगवेगळ्या लोकांकडून परत परत येत होतं, की ही अपिलांची भानगडच बंद करा. फाशी सुनावली की महिन्याभरात लटकवा, हे अपील, मग ते अपील, मग दया, मग परत कोर्ट, या पळवाटांमुळेच सगळे सुटतात.

मी एलएलबी करून थोडी वर्षं एका सिनियरकडे ज्युनियरगिरी केलीये, मग वकिली सोडून नोकरीला लागले, त्यामुळे मी काही एक्स्पर्ट वगैरे नाही. पण जजमेंट वाचायची सवय सुटलेली नाही. ग्रुपवर काही बोलले नाही कारण तिथे दोन ओळींच्या वर कोणी वाचत नाही. म्हणून इथे लिहितेय.

आधी एक गोष्ट जी वकील नसलेल्या बहुतेक लोकांना माहीतच नसते. सेशन्स कोर्टाने फाशी दिली म्हणजे फाशी झाली असं नसतंच मुळी. जोपर्यंत हायकोर्ट ती कन्फर्म करत नाही तोपर्यंत ती देता येत नाही. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी खटले कसे चालवायचे तो कायदा) कलम ३६६, नवीन कायद्यात ४०७. आरोपीने अपील केलं नाही तरी फाईल हायकोर्टात जातेच, आणि हायकोर्टाने सगळा पुरावा स्वतः नव्याने वाचून ठरवायचं असतं. ही काही आरोपीवर केलेली मेहेरबानी नाही, शिक्षेचा अर्धा भागच तिथे पूर्ण होतो.

आता ७/११ चंच बघा. स्पेशल कोर्टाने ३० सप्टेंबर २०१५ ला पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. कन्फर्मेशनची केस हायकोर्टात आली आणि पडून राहिली. या बेंचकडून त्या बेंचकडे, रेकॉर्ड प्रचंड, वेळ कोणाकडे नाही. शेवटी स्पेशल बेंच बसून जुलै २०२४ मध्ये रोजच्या रोज ऐकणं सुरू झालं आणि वर्षभरात निकाल लागला. म्हणजे काम वर्षभराचं होतं आणि लागली जवळजवळ दहा वर्षं. फाशीची शिक्षा झालेल्या पाचांपैकी एक जण त्याआधीच २०२१ मध्ये नागपूर जेलमध्ये कोविडने गेला, त्याला निर्दोष ठरवणारा निकाल त्याच्या मागे चार वर्षांनी आला. हायकोर्टाने ओळख परेड, कबुलीजबाब, सगळंच निकाली काढलं. तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत आत टाकायचीही गरज नाही. मी इथे तो निकाल बरोबर की चूक यात पडत नाहीये. माझा प्रश्न एवढाच, की यात पळवाट कोणी काढली? ती दहा वर्षं आरोपींनी तारखा मागून घालवलेली नाहीत. आणि ज्यांची माणसं त्या डब्यांमध्ये गेली त्यांनाही १९ वर्षांनी कळलं की खटला परत शून्यावर.

पण मला खरं लिहायचंय ते २००३ च्या एका दरोड्याच्या केसबद्दल, कारण ती वाचल्यापासून "महिन्याभरात लटकवा" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

जून २००३. महाराष्ट्रात एका शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून, घरातल्या आईवर आणि पोरीवर बलात्कार. पोरगी गेली, आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. वाचवत नाही इतकं भयानक आहे ते. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या, मजुरी करून खाणाऱ्या सहा जणांना पकडलं. वाचलेल्या दोघांनी त्यांना ओळखलं असं पोलिसांचं म्हणणं, आणि केस उभी राहिली ती मुख्यतः त्याच ओळखीवर. जून २००६ मध्ये सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. मार्च २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप. मग सुप्रीम कोर्ट. ३० एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टाने आरोपींची अपिलं फेटाळली आणि सरकारचं अपील मान्य केलं, म्हणजे ज्या तिघांना हायकोर्टाने वाचवलं होतं त्यांनाही परत फाशी. सहाच्या सहा. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट, पुढे काय उरतं? रिव्ह्यू, म्हणजे त्याच कोर्टाला निकाल परत तपासायला सांगणं, आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. ग्रुपवरच्या हिशोबाने तर इथे विषय संपलाच.

आणि आता ऐका. घटनेनंतर दोन दिवसांनी, ७ जूनला, पोलिसांनी त्या वाचलेल्या आईला रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते. तिने त्यातून चार जण ओळखले. ते चौघं या सहांपैकी कोणीच नव्हते! त्या चौघांना पकडलं नाही, त्यांच्यावर खटला नाही, त्यांचं पुढे काय झालं याचा पत्ता नाही. जिने आपल्या डोळ्यांनी सगळं बघितलं आणि सोसलं त्या बाईने दोन दिवसांत दाखवलेली माणसं सोडून दिली आणि दुसरीच सहा माणसं फाशीच्या यार्डात बसवली. हे पोलिसांच्या कागदांत होतं. तीन कोर्टांनी शिक्षेवर पानंच्या पानं लिहिली, गुन्हा किती क्रूर, समाजाचा आक्रोश किती, पण "ते चौघं कुठेत" हा प्रश्न कोणी लावून धरला नाही.

मला यात सगळ्यात जास्त काय खटकतं सांगू? गुन्हा जितका भयंकर तितकं ओळखीच्या पुराव्याकडे बारकाईने बघायला पाहिजे ना, पण प्रत्यक्षात उलटं होतं, गुन्हा भयंकर असला की कोणालातरी शिक्षा व्हायलाच पाहिजे या दबावाखाली सगळे जण वाकतात, पोलीस वाकतात, सरकारी वकील वाकतात, आणि जजसुद्धा माणसंच आहेत. आणि आरोपी जर भटक्या जमातीतले असतील तर काय, आपल्याकडे त्यांच्यावर चोर-दरोडेखोराचा शिक्का इंग्रजांच्या काळापासून मारून ठेवलाय, तो अजून पुसला गेलेला नाही. गावात चोरी झाली की पहिली जीप पालाकडेच जाते हे ग्रामीण भागात राहिलेल्या कोणालाही विचारा.

ते सहा जण वाचले कसे, तर जवळजवळ अपघातानेच. आधी फाशीच्या केसमध्येसुद्धा रिव्ह्यू पिटिशन जजच्या चेंबरमध्ये नुसते कागद फिरवून निकाली निघायची, वकिलाला तोंड उघडायची संधीच नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच मोहम्मद आरिफ केसमध्ये सांगितलं की फाशी असेल तर रिव्ह्यू उघड्या कोर्टात ऐकायचा, निदान तीन जजनी, वकिलाला बोलू द्यायचं, अर्धा तास का होईना. हो, अर्धा तास. त्या अर्ध्या तासासाठी पण भांडावं लागलं. त्यानंतर या सहा जणांची केस परत उघडली, ऑक्टोबर २०१८ मध्ये २००९ चा निकाल मागे घेतला गेला, अपिलं नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ ला जस्टिस सिकरी, जस्टिस नझीर आणि जस्टिस शहा यांच्या बेंचने सहाही जणांना निर्दोष सोडलं. नुसतं संशयाचा फायदा म्हणून नाही, तपासच धड झाला नाही, यांना खोटं गुंतवल्याची शक्यता नाकारता येत नाही असं स्पष्ट म्हटलं, चुकार अधिकारी शोधा म्हणून राज्याच्या गृहखात्याला सांगितलं आणि प्रत्येकाला पाच लाख भरपाई दिली. सोळा वर्षांचे पाच लाख, म्हणजे महिन्याला साधारण २६०० रुपये. त्या सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, ते पण मधल्या काळात सिद्ध झालं होतं. त्याला कायद्याने फाशी देताच येत नव्हती, तरी ती दिली गेली आणि देशाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत टिकली.

आणि ती बाई. तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. तिने दाखवलेल्या चौघांची नीट चौकशी २००३ मध्येच झाली असती तर कदाचित तिला खरा न्याय मिळाला असता. ते तिच्याकडूनही काढून घेतलं गेलं.

अल्पवयीनचा विषय निघालाच आहे तर पुण्याची एक केस. १९९४ ला पुण्यात एका घरातल्या सात जणांचा खून झाला होता, बायका आणि लहान मुलं, जुन्या पुणेकरांना लगेच आठवेल. त्यातल्या एका आरोपीला १९९८ ला फाशीची शिक्षा झाली, २००० साली सुप्रीम कोर्टाने कायम केली, रिव्ह्यू पण फेटाळला. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. बारा! राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख होती, नाव पण खटल्यातलं वेगळं आणि शाळेतलं वेगळं. २८ वर्षांहून जास्त आत काढून तो सुटला. अल्पवयीन असल्याचा मुद्दा निकाल लागून गेल्यावरही कधीही मांडता येतो अशी कायद्यात सोय आहे म्हणून. ती "पळवाट" नसती तर तो केव्हाच गेला असता. आणि यातली मला सगळ्यात अजब वाटणारी गोष्ट म्हणजे पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी वयाची चौकशी करून रिपोर्ट २०१९ मध्येच दिला होता. सुटका २०२३ ला. उत्तर हातात आल्यावरसुद्धा चार वर्षं. त्याने खून केला की नाही हा वेगळा प्रश्न, गुन्हा भयंकरच होता, पण शाळेचं एक रजिस्टर मागवायला एवढ्या कोर्टांना एवढी वर्षं लागतात?

कायदाच चुकीचा लावला गेला तर काय होतं त्याचं पण उदाहरण आहे, आणि त्यात सुटका नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालात पाच जजच्या बेंचने सांगितलं होतं की फाशी देताना नुसता गुन्हा बघायचा नाही, गुन्हेगार पण बघायचा, त्याचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. डिसेंबर १९९५ मध्ये राजस्थानच्या रावजी केसमध्ये दोन जजनी नेमकं उलटं लिहिलं, की गुन्हा महत्त्वाचा, गुन्हेगार नाही. मग ते वाक्य कॉपी पेस्ट होत पुढच्या केसेसमध्ये फिरत राहिलं. मे २००९ मध्ये, म्हणजे दरोड्याच्या केसमधल्या सहांची फाशी कायम झाल्यावर दोनच आठवड्यांनी, जस्टिस सिन्हांच्या बेंचने सांगितलं की रावजीचा निकाल बच्चन सिंगच्या विरोधात आहे, तो धरायचाच नव्हता. तोपर्यंत रावजीला १९९६ मध्ये आणि त्याच चुकीवर शिक्षा झालेल्या आणखी एकाला १९९७ मध्ये प्रत्यक्ष फाशी देऊन झालेली होती. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली की अजून १३ जण असेच चुकीच्या आधारावर फाशीच्या रांगेत आहेत, त्यांची शिक्षा बदला. त्या १३ मध्ये दरोड्याच्या केसमधले सहा जण होते. म्हणजे ते निर्दोष आहेत हे कळायच्या सात वर्षं आधी निदान एवढं तरी लोकांना कळलं होतं की त्यांची फाशी चुकीची आहे.

बेंच कुठला मिळतो याच्यावर जीव अवलंबून असतो हे पण काही नवीन नाही. यूपीची एक जुनी केस आहे, हरबन्स सिंगची. एकाच गुन्ह्यात तिघांना फाशी, तिघं वेगवेगळे सुप्रीम कोर्टात गेले, वेगवेगळ्या बेंचसमोर. एकाचं अपील फेटाळलं, दुसऱ्याची १९७७ मध्ये जन्मठेप झाली, तिसऱ्याचं पण फेटाळलं. पहिल्याला ६ ऑक्टोबर १९८१ ला फाशी दिली. त्याच दिवशी तिसऱ्यालाही द्यायची होती पण त्याने नवीन अर्ज करून स्टे मिळवला आणि तेव्हा कोर्टाच्या लक्षात आलं की अरे, याच गुन्ह्यात एकाची शिक्षा तर कमी झालेली आहे. सरन्यायाधीश होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. त्यांनी तिसऱ्याची शिक्षा बदलायची शिफारस राष्ट्रपतींना केली आणि जेल सुपरिंटेंडेंटना सांगितलं की फाशी देण्याआधी सहआरोपीची शिक्षा कमी झालीये का ते तपासा. पहिल्याला काय उपयोग त्याचा.

बरं, आता उशीर. उशीर होतो हे खरंच आहे, त्यात ग्रुपवरचे लोक अजिबात चुकीचे नाहीत. कोल्हापूरच्या गावित बहिणींचं घ्या. लहान मुलांना पळवून मारणाऱ्या, त्यांच्याबद्दल कोणाला कळवळा येईल असं मला वाटत नाही, मला तरी येत नाही. सेशन्स कोर्टाने फाशी दिली २००१ ला, हायकोर्टाने २००४, सुप्रीम कोर्टाने २००६. कोर्टांचं काम पाच वर्षांत संपलं. त्यानंतर दयेचा अर्ज, आणि तो राष्ट्रपतींनी फेटाळला २०१४ मध्ये. मध्ये सात वर्षं दहा महिने फाईल सरकारी टेबलांवर फिरत होती. त्याच उशिरापायी जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली, आणि सरकारी यंत्रणेच्या ढिलाईवर चांगलेच ताशेरे मारले.

पुण्याच्या बीपीओ केसमध्ये तर याच्यावर कडी. २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या मुलीवर कॅब ड्रायव्हर आणि त्याच्या मित्राने बलात्कार करून खून केला. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला २०१७ मध्ये. म्हणजे आता कोणतंच अपील बाकी नाही, काहीच नाही, फक्त सेशन्स कोर्टाने फाशीच्या तारखेचं वॉरंट काढायचं. ते वॉरंट निघालं एप्रिल २०१९ मध्ये! जवळजवळ दोन वर्षं नुसता पत्रव्यवहार. २४ जून २०१९ ची तारीख ठरली, त्याच्या तोंडावर हायकोर्टाने स्टे दिला, आणि जुलैमध्ये या उशिरापायी दोघांची फाशी ३५ वर्षांच्या कैदेत बदलली. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं तिथेही डिसेंबर २०२४ मध्ये हेच कायम झालं. तेव्हा पेपरात आणि टीव्हीवर काय आलं आठवतंय? कायद्याच्या पळवाटा. अहो पळवाट कसली, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात कागद गेला नाही. त्या मुलीच्या आईवडिलांना कोण सांगणार की तुमच्या पोरीच्या केसमध्ये दोन वर्षं एक वॉरंट निघालं नाही म्हणून.

सुप्रीम कोर्टाने त्या निकालात राज्यांना सांगितलंय की दयेच्या अर्जांसाठी वेगळा सेल करा, अर्ज फेटाळला गेला की सेशन्स कोर्टाने लगेच केस बोर्डावर घ्यायची, वगैरे. चांगलंय. हे २०२४ मध्ये सांगावं लागलं.

आणि कोपर्डी. २०१६ चा गुन्हा, मोर्चे सगळ्यांना आठवत असतील, नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या कोर्टाने तिघांना फाशी दिली, म्हणजे खटला किती फास्ट झाला म्हणून कौतुक पण झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यातल्या मुख्य आरोपीने येरवड्यात गळफास घेतला तेव्हा हायकोर्टाचं कन्फर्मेशन अजून व्हायचंच होतं. खालच्या कोर्टात फास्ट ट्रॅक आणि वर सायडिंगला. खालच्या निकालाला टाळ्या मिळतात, हायकोर्टाला स्टाफ मिळत नाही.

म्हणजे एकीकडे जिथे थांबून विचार करायला पाहिजे, पुरावा, ओळख परेड, वय, तिथे घाई. आणि जिथे नुसता शिक्का मारून कागद पुढे पाठवायचाय तिथे वर्षानुवर्षं. आणि या सगळ्याचं खापर फुटतं अपिलावर.

वकिलांबद्दल पण थोडं बोलायला हवं कारण मी ते जवळून बघितलंय. गरीब आरोपीला लीगल एडचा, म्हणजे सरकारी खर्चाने वकील मिळतो, बऱ्याचदा ज्युनियर, कधी आरोप निश्चित व्हायच्या दिवशीच नेमलेला, फी इतकी कमी की झेरॉक्सचा खर्च निघाला तरी बास. तो उलटतपासणीत जे विचारत नाही ते रेकॉर्डवर येतच नाही, आणि वरची कोर्टं रेकॉर्ड वाचतात. म्हणजे दिल्लीत कितीही मोठा वकील उभा राहिला तरी तो तालुक्याच्या गावात त्या ज्युनियरने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठून आणणार. त्यात शिक्षेवरची सुनावणी कित्येकदा दोषी ठरवल्याच्या दिवशीच नाहीतर दुसऱ्या दिवशी. "आरोपी तरुण आहे, म्हातारे आईबाप आहेत, दया करावी", झालं, एवढंच. २०२२ च्या मनोज केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती, जेलमधली वागणूक याचे रिपोर्ट खालच्या कोर्टातच मागवा. किती ठिकाणी होतं ते वकील मित्रांना विचारा, ते हसतात फक्त.

दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्ट ३९ए या अभ्यासगटाने वर्षानुवर्षं फाशीच्या शिक्षांची मोजदाद ठेवली होती. २०२४ संपताना देशात ५६४ लोक फाशीच्या शिक्षेखाली जेलमध्ये होते. यातल्या बहुतेकांची शिक्षा वर जाऊन कमी होते किंवा ते सुटतात, फाशी होते ती अगदी थोड्यांना. यावर माझे काका म्हणतील बघ, सुटतात. मी म्हणते मग खालची कोर्टं इतक्या वेळा चुकतायत त्याचं काय? दर दहा पुलांतले बहुतेक पूल पडायला लागले तर आपण इन्स्पेक्शन बंद करा म्हणतो का?

फाशी असावी की नसावी हा वाद मी मुद्दाम काढत नाहीये. त्यावर माझं मत आहे पण ते बाजूला ठेवलं तरी हे सगळं उरतंच, ज्याला फाशी हवीच आहे त्यालासुद्धा ती चुकीच्या माणसाला नको असणार ना.

आणि काही फार मोठा कायदा बदलायला पाहिजे असंही नाही. कन्फर्मेशनच्या कलमाला लागूनच ३६७ आहे, नवीन कायद्यात ४०८. हायकोर्टाला वाटलं तर ते स्वतः आणखी चौकशी करू शकतं, नवीन पुरावा घेऊ शकतं किंवा सेशन्स कोर्टाला घ्यायला लावू शकतं. एवढी पॉवर आहे! ही तरतूद फाशीच्या केसेससाठीच ठेवलीये पण वापरताना मी तरी क्वचितच वाचलीये, बहुतेक वेळा खालच्या कोर्टातल्या कागदांचं छापील पेपरबुक समोर घेऊन त्यावरच युक्तिवाद होतो. २००७ मध्ये त्या दरोड्याच्या केसमध्ये हायकोर्टाने हे कलम वापरून पोलिसांकडून ७ जूनचे ते कागद मागवले असते, त्या आईला बोलावून नुसतं विचारलं असतं की बाई तुम्ही फोटोत कोणाला दाखवलं होतं, तर ते सहा जण त्याच वर्षी घरी गेले असते आणि ते चौघं शोधायला पोलिसांकडे बारा वर्षं जास्त मिळाली असती.